रेंजची सावली

मी चिडकी आहे हे सोलापूरच्या सात रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. तीस वर्षं लग्नाचे फोटो काढणारी बाई चिडकी नसेल तर निम्म्या वऱ्हाडाचे डोळे मिटलेले येतील. ओरडावंच लागतं. "ओ मामा, पोट आत! ए नवरदेवा, नवरीकडं बघ की, पंगतीकडं काय बघतोस!" मेहंदीला, हळदीला बायकांमध्ये बाईच फोटोग्राफर लागते, आणि आमच्या भागात ती बाई म्हणजे मी, माजिदा.

तर माझी लेक आरजू, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी स्टुडिओत येऊन म्हणाली, "अम्मी, मला मोबाइलच्या रेंजचा फोटो काढायचाय."

"कशाचा?"

"रेंजचा. टॉवरकडनं हवेतून येते ना, ती."

"डोळ्याला दिसत नाही त्याचा फोटो? उद्या म्हणशील, बिर्याणीच्या वासाचा काढ!"

पण पोरगी माझीच. तिनं सगळं आधीच जमवून ठेवलं होतं. नळाचा साडेतीन मीटरचा पाइप, त्याला खालपासून वरपर्यंत दिव्यांची पट्टी आणि बुडाला एक डबी. डबी रेंज मोजते. रेंज भरपूर असली की दिवे थेट शेंड्यापर्यंत लागतात, कमी असली की गुडघ्यापर्यंत, नसलीच तर विझतात. अंधार पडला की कॅमेरा तिवईवर ठेवायचा, शटर मिनिटभर उघडं सोडायचं आणि काळे कपडे घालून, पाइप उभा धरून समोरून सावकाश चालत जायचं. चालणारा माणूस फोटोत उमटत नाही, कारण तो एका जागी थांबतच नाही. उमटतो तो नुसता दिवा. दिवा जिथून जिथून गेला तिथं उजेडाची भिंत उभी राहते. भिंत जितकी उंच, तितकी रेंज.

हे ऐकताना मुक्ताबाई बाकावर बसल्या होत्या. मुक्ताबाई वळसंगकडच्या. आठवड्यातून दोनदा कडक भाकऱ्यांची बोचकी घेऊन एसटीनं येतात, दुकानांत पोचवतात आणि मग माझ्या स्टुडिओत बसून लेकीला फोन लावतात, कारण त्यांच्या शेतातल्या घरात फोन लागत नाही. लेक अंकिता बंगळूरला नर्स आहे. मी कान झाकून घेत नाही, त्यामुळे त्यांच्या घरचं सगळं मला ठाऊक आहे.

त्या एकदम म्हणाल्या, "भाभी, रेंज खरंच दिसंल व्हय फोटूत?"

"का हो?"

आणि बाईंनी पदर डोळ्याला लावला.

झालं होतं असं. मुक्ताबाईंचे मालक रावजी दसऱ्याला बांधावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून घरापुढच्या पडवीत खाटेवर. दिवाळीला अंकिता आली, तर हे म्हणाले, नोकरी सोड आणि सोलापुरात ये. ती नाही म्हणाली. बापाचा पारा चढला. "मग परत मला फोन करू नको!" असं बोलून बसले. लेक रडत बंगळूरला गेली. गेल्यापासून रोज संध्याकाळी आठला ड्यूटी संपली की बापाला फोन लावते, आणि रोज तीच रेकॉर्डमधली बाई बोलते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. इकडं रावजी उशाखाली फोन ठेवून वाट बघतात, आणि तो वाजत नाही.

"मी सांगती की, ती रोज लावती म्हणून," मुक्ताबाई म्हणाल्या. "तर म्हणत्यात, तू तिची बाजू घिऊन खोटं बोलती. म्हणत्यात, दिवाळीपातूर येत हुते की फोन हितं! भांडान झालं आन् बंद झाले. रेंज काय भांडनानं जाती व्हय?"

खरं सांगते, हे ऐकून मला त्या माणसाचा रागही आला आणि त्याचं म्हणणं पटलंही. रेंज काय भांडणानं जाते?

"त्यांचा फोन जरा रस्त्यावर नेऊन दाखवा ना," आरजू म्हणाली.

"हात लावू देतील तर! म्हणत्यात, एक कांडी दिसती की, म्हंजे रेंज हाय. पोरीलाच बाप नको हाय. बरं, तुमी करा म्हटलं, तर म्हणत्यात, बाप हाय मी, मी का करू? उचलून रस्त्याला नेतो म्हटलं तर शिव्या. आन् आता रविवारपातूर पोराकडच्यांना सांगायचंय."

अंकिताला तिच्याच हॉस्पिटलातला एक मुलगा पसंत होता. मुक्ताबाईंना पसंत, भावकीला पसंत. पण अंकिताचा हट्ट असा की आप्पांनी स्वतःच्या तोंडानं मला 'हो' म्हटल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. आणि आप्पांचं उत्तर, "तिला मी नको, तर माझं 'हो' कशाला पायजे?" मुलाकडचे दोन महिने थांबले होते. रविवारी हो की नाही ते सांगा, म्हणाले होते.

दोघं एकसारखे हट्टी, आणि मध्ये ही बिचारी भाकऱ्या थापतेय. मी टेबलावर हात आपटला. "आरजू! तुझा तो पाइप चालतो का?"

"अजून चालवून बघितला नाही."

"मग आज बघ."

संध्याकाळी सातला स्टुडिओमागच्या बोळात मी तिवई लावली. आरजू काळा बुरखा घालून पाइप घेऊन निघाली. शटर उघडलं, मिनिटानं मिटलं, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे आलं ते बघून मी कपाळावर हात मारला. पाइप डुलत होता, दिवे वाकडेतिकडे सांडले होते. भिंत कसली, मांजरानं लोकरीचा गुंडा विस्कटल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती खड्ड्यात अडखळली. मी म्हटलं, "नीट धर की!" ती म्हणाली, "तूच धर!" मी धरला. चौथा फोटो सगळ्यात भिकार आला.

शेजारच्या दुकानात वीरभद्रप्पा फोटोफ्रेम करतात. वय बासष्ट. भिंतीवर फ्रेम एक सूत तिरकी दिसली तरी त्यांना जेवण जात नाही. ते दारात उभं राहून बघत होते. शेवटी राहवलं नाही.

"अय्योय्यो! काठी अशी धरत्यात व्हय?"

आरजू म्हणाली, "काठी नाही अण्णा, पाइप आहे."

"उभं धरून चालायचं म्हंजे काठीच की. आण इकडं."

आता हे सांगायला हवं की वीरभद्रअण्णांनी बावीस वर्षं सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेललाय. आमच्याकडं त्याला काठीच म्हणतात. दोन-तीन मजली उंच, सजवलेली, आणि ती कमरेच्या पट्ट्यात टेकवून गर्दीतून, चढ-उतारातून सरळ उभी चालवत न्यायची. संक्रांतीआधी महिना महिना सराव. गुडघे गेले तसं त्यांनी मान पुढच्या पिढीला दिला, पण दर जानेवारीत काठी दिसली की माणूस अजून श्वास रोखतो.

त्यांनी पाइप हातात घेतला आणि बाजूला फेकलाच. "ह्यो डुलतो. वेळू आण, सरळ, पिकलेला." दुसऱ्या दिवशी वेळू आला, पट्टी चढली. अण्णांनी कपाटातून जुना कातडी पट्टा काढला, कमरेला आवळला. मग थांबले आणि म्हणाले, "ही ती काठी न्हवं बरं. पर चाल तीच."

आणि निघाले! पाऊल उचलायचं नाही, घासत पुढं सरकायचं. खांदे जागच्या जागी, नजर शेंड्यावर. खड्डा आला, गुडघा वाकला, काठी हलली नाही. मी शटर मिटवलं आणि पडदा बघितला.

या अल्ला!

आमचा तो कळकट बोळ, गटाराच्या झाकणांचा, आणि त्यात निळ्या उजेडाची भिंत उभी. चौकाच्या तोंडाशी माझ्या गच्चीइतकी उंच वाटणारी, बोळात शिरताच उतरत गेलेली, बँकेच्या भिंतीआड गुडघ्यावर आलेली, पुढं मोकळ्या जागेत पुन्हा उसळलेली. अण्णांचा मागमूस नाही. तीस वर्षं मी त्या बोळात राहतेय, त्या भिंतीतून रोज ये-जा करतेय, आणि मला माहीतच नव्हतं! मी ओरडले, आरजू नाचायला लागली, तिनं अण्णांच्या गळ्यात हातच टाकला.

"नोड्री!" अण्णा पडद्याकडं बोट करून म्हणत होते, बघा, बघा. "कशी सरळ आल्याय रेघ! एक सुताचा फरक न्हाय!" त्यांना रेंजचं काही पडलं नव्हतं, रेघेचंच कौतुक.

रविवारी चार वाजता मामेभावाची रिक्षा मागून घेऊन मी, आरजू आणि अण्णा वळसंगकडं निघालो. काठी रिक्षेच्या टपावर, दोन्ही टोकांना माझ्या लाल ओढण्या. मुक्ताबाईंचं घर रस्त्यापासून आत, शेतात एकटंच. जवळचं दुसरं घर दोन शेतं ओलांडून. ज्वारी काढणीला आलेली. घरापुढं पडवी, पडवीवर आणि रस्त्याच्या बाजूला नवेकोरे पत्रे चमकत होते. आत खाटेवर रावजी.

"फोटूवाल्या आल्यात," मुक्ताबाईंनी घाबरत सांगितलं.

"कुनाचं लगीन हाय हितं?" रावजी गुरगुरले.

मीही काही कमी नाही. म्हटलं, "भाऊ, लग्नाचं नंतर बघू. आम्ही रेंजचा फोटो काढायला आलोय. तुमच्या घरात रेंज आहे की नाही, ते आज तुम्हाला डोळ्यानं दाखवते."

"एक कांडी हाय."

"दिसेल की. कांडी असेल तर कांडी, नसेल तर नसेल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वेळूकडं, मग पट्टा आवळणाऱ्या अण्णांकडं. "डोळ्यानं दिसलं तर मानीन," ते म्हणाले. "न्हाय दिसलं तर ह्यो इषय परत काडायचा न्हाय. मुक्ते, तूबी न्हाय."

म्हणजे सगळंच पणाला लागलं! घरात रेंज निघाली तर? खरंच भरपूर निघाली तर? मग म्हातारा बरोबर ठरणार, आणि लेक कायमची खोटी.

सूर्य बुडाला, अंधार उतरला. मुक्ताबाईंनी घरातले दिवे मालवले. मी तिवई बांधावर अशी लावली की रस्ता, पडवी आणि मागचं रान एका चौकटीत येईल. रावजींची खाट पडवीच्या उघड्या बाजूनं दिसत होती. आरजू म्हणाली, "अण्णा, रस्त्यापासून निघा, पडवीतून जा, पलीकडच्या चिंचेपर्यंत."

अण्णा निघाले. रस्त्यावर काठी शेंड्यापर्यंत पेटली. मनात म्हटलं, हाय अल्ला, इथं तर भरपूर आहे! अण्णा घासत घासत पुढं आले. दिवे तेवढेच. पत्र्यापाशी पोचले, वेळू जरा कलता करून पडवीच्या आत शिरले, आणि काठी विझली. हळूहळू नाही, पटकन. खाटेसमोरून जाताना अगदी बुडाशी एक दिवा लुकलुकत होता, बस. अण्णा घराच्या कडेनं पलीकडं गेले, आणि चिंचेजवळ काठी पुन्हा वरपर्यंत भडकली.

शटर मिटलं. मी कॅमेरा तिवईवरून काढला आणि धावतच खाटेपाशी नेला.

रावजींनी पडदा डोळ्याजवळ धरला. इकडं उजेडाची उंच भिंत, तिकडं उजेडाची उंच भिंत, आणि मधे त्यांच्या घराएवढा काळा तुकडा. कडा अगदी सुरीनं कापल्यासारख्या. बुडाशी एक बारीक निळी रेघ.

"ती रेघ म्हणजे तुमची एक कांडी, आप्पा," आरजू म्हणाली. "तेवढ्यावर फोन येत नाही."

"आन् हे काळं काय हाय?"

"टॉवर रस्त्याच्या बाजूला आहे ना. मध्ये पत्रा आला. पत्र्यातून रेंज पार होत नाही. ऊन अडलं की सावली पडते, तशी ही रेंजची सावली."

"सावली," रावजी म्हणाले. त्यांनी मान वर करून पत्र्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मुक्ते, पत्रा कवा मारला गं आपन?"

मुक्ताबाईंचा हात तोंडावर गेला. "अगं बया! भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. अंकी गेली त्याच दिवशी."

"ऊन लागतंय म्हणून मीच कारागीर बोलवला. म्या म्हटलं, सावली पायजे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच! चार महिने माणूस लेकीवर रुसला, बायकोला खोटी ठरवली, आणि चोर बसला होता डोक्यावर, नवाकोरा, चमकत. एरवी मी चार शब्द सुनावले असते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी नुसता कॅमेरा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"काडा," रावजी म्हणाले.

"सकाळी बोलावू कारागिराला," मुक्ताबाई म्हणाल्या.

"आत्ता काडा! आट वाजायला किती हायत?"

पंचवीस मिनिटं होती. मग काय विचारता! रिक्षेतला पाना निघाला. मी स्टुलावर, आरजू शिडीवर, अण्णा खालून पत्रे झेलतायत, मुक्ताबाई विजेरी धरून "सावकाश, हात कापंल" ओरडतायत. रस्त्याकडचे चार पत्रे उतरले, छपराचे दोन. माझा ड्रेस फाटला, आरजूचं बोट सोललं, कुणाला पर्वा नव्हती. अण्णांनी काठी खाटेशेजारी आणून उभी केली. दिवे चढत चढत शेंड्यापर्यंत गेले. मी तिवई बांधावरून खाटेसमोर आणली, कॅमेरा परत चढवला.

"मी अंकिताला मेसेज टाकू का, की आज लागेल म्हणून?" आरजूनं विचारलं.

"न्हाय!" रावजी ओरडले. "कुनी कळवायचं न्हाय. रोज करती म्हणता न्हवं? मग आजबी करंल."

फोन त्यांनी उशाखालून काढून छातीवर ठेवला. आठ वाजले. आठ वाजून दोन मिनिटं. पाच. मुक्ताबाईंचे ओठ हलत होते. मी मनात अंकितालाच शिव्या घालत होते, अगं बाई, एवढे दिवस केलास, आजच काय झालं तुला! आठ वाजून नऊ मिनिटांनी रावजींनी मान भिंतीकडं वळवली.

आणि फोन वाजला.

त्या शेतात तो आवाज केवढा मोठा वाटला म्हणून सांगू! रावजी दचकले, फोन हातातून निसटला, गोधडीत गेला, मुक्ताबाईंनी शोधून हातात दिला, ते बटण दाबणार तेवढ्यात वाजायचा बंद झाला.

"कट केला तिनं," आरजू म्हणाली.

अंकितानं नंतर मला सांगितलं ते असं. चार महिने तिला एकच बाई ऐकू येत होती. त्या दिवशी पहिल्यांदा रिंग गेली. आप्पा उचलतील, आणि परत 'फोन करू नको' म्हणतील. घाबरून तिनं कापला.

इकडं आम्ही चौघं रावजींकडं बघत होतो. ते फोनकडं. बाप हाय मी, मी का करू, म्हणणारा माणूस. त्यांनी अंगठा बटणावर ठेवला, उचलला, परत ठेवला. मग दाबला. फोन कानाला धरला, टेकून बसले, आणि हलले नाहीत. मी शटर सोडलं आणि मिटवायचं विसरले.

"हॅलो," ते म्हणाले. "अंके. मी हाय."

पलीकडून नुसतं रडणं. मग घाबरलेला आवाज, आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "आप्पा, काय झालं? आई बरी आहे ना? तुम्ही कसा काय फोन केला?"

"कायबी झालं न्हाय. म्या पत्रा मारलावता, तो काडला." मग घसा खाकरून, "ते दिवाळीचं मी माघारी घेतो. पोरगं चांगलं हाय म्हणत्यात. व्हय म्हणतो मी. ऐकू आलं का? व्हय म्हणतो. पर तितनं रोज फोन करायचा. तुला जमलं न्हाय तर मी करीन."

मुक्ताबाई उंबऱ्यावर बसून मोठमोठ्यानं रडल्या. अण्णांचेही डोळे गळत होते, पण काठी हलली नाही.

शटर मी मिटवलं तेव्हा सहा मिनिटं झाली होती. फोटोत आम्ही कुणीच नाही. मुक्ताबाई, आरजू, मी, सगळ्या सारख्या हलत होतो, त्यामुळे पुसल्या गेलो, आणि अण्णा काळ्या कपड्यांत अंधारात विरले. आहे ती काठी, बुडापासून शेंड्यापर्यंत पेटलेली, आणि तिच्या उजेडात, कानाला फोन लावून बसलेले रावजी. एवढा वेळ ते जागचे हललेच नव्हते. वीरभद्रअण्णांनी त्याला फ्रेम केली. स्टुडिओत लावलीय. एक सूत तिरकी नाही.

गुरुवारी मुक्ताबाई भाकऱ्या घेऊन आल्या. मी विचारलं, "भाऊ कसे आहेत?"

"उनात बसत्यात," त्या वैतागून म्हणाल्या. "मार्च लागला, डोस्कं तापतंय, पर पत्रा लावू देईनात. म्या म्हटलं, पाचटाचं छप्पर घालू, त्येनं रेंज अडत न्हाय म्हणत्यात सगळी. तर ऐकंनात."

"काय म्हणतात?"

"म्हणत्यात, त्या फोटूवाल्या बाईला बोलव. आधी काठी फिरवून बघा म्हणावं, मग छप्पर घाला."